बाराव्या होलची वाळू

१

चष्मेवाले वाळूत उताणे पडलेले दिसले तेव्हा मला आधी रागच आला. म्हटलं, हे गृहस्थ खेळता खेळता आडवे झालेत, आणि मागून येणाऱ्यांनी काय आता त्यांची झोप होईपर्यंत उभं राहायचं का? मी वरूनच हाक मारली. दुसरी हाक मारताना माझाच आवाज बारीक झाला.

शहर संपतं आणि टेकड्या सुरू होतात तिथे आमचं हे गोल्फचं मैदान आहे. मैदान सार्वजनिक. तिकीट काढायचं आणि खेळायचं, मेंबरशिपची भानगड नाही. झाडी दाट, जमीन सारखी वरखाली, त्यामुळे पुढचा माणूस एक टेकाड ओलांडून गेला की दिसेनासा होतो. सकाळच्या पहिल्या पाळीला आम्ही एकेकटे खेळणारे येतो. सगळ्यांत पुढे चष्मेवाले, त्यांच्या मागे मी. कित्येक वर्षं हाच क्रम. ओळख म्हणाल तर त्यांनी लांबून टोपी उचलायची आणि मी हात हलवायचा. ते चष्म्याचं दुकान विकून निवृत्त झालेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली. मी विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांची चौकशी करण्यात आयुष्य घालवलं. लग्न केलं नाही आणि जिभेपायी मैत्रिणीही टिकल्या नाहीत. मैदानावर मला पाठीमागे ‘चौकशीबाई’ म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी माझी हरकत नाही.

तर बाराव्या होलपाशी, झेंडा असतो त्या गुळगुळीत ग्रीनला लागून, वाळूचा एक खोल खड्डा आहे. त्याला बंकर म्हणतात, आणि त्यात बॉल गेला की माणसं आणखीही बरंच काही म्हणतात. चष्मेवाले त्यात पडले होते. डोक्याखाली टोपी, हात छातीवर. वाळूतून मारलेला त्यांचा बॉल वर ग्रीनवर, होलपासून वीतभर अंतरावर थांबला होता. असा फटका त्यांनी जन्मात मारला नव्हता. मी खाली उतरले, गळ्याला हात लावून पाहिला आणि मॅनेजरला फोन केला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मॅनेजरने डॉक्टरांना दोनदोनदा विचारलं, म्हणजे मैदानाची काही चूक नाही ना? दुपारी मैदान पुन्हा सुरू झालं. जो तो म्हणत होता, नशीबवान माणूस, खेळता खेळता गेला. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खड्ड्यात एकट्याने मरण्यात कसलं डोंबलाचं नशीब?

तिसऱ्या दिवशी माझ्या दाराची बेल वाजली. दारात एक पस्तिशीची बाई उभी होती. डोळे सुजलेले, हातात हॉस्पिटलची कागदी पिशवी. ती चष्मेवाल्यांची एकुलती एक मुलगी होती.

“तुम्हीच त्यांना आधी पाहिलंत ना?” ती म्हणाली. “मला एकच विचारायचंय. बाबा एकटे होते का?”

हो म्हणायला मी तोंड उघडलं. दुसरं काय म्हणणार? आणि तेवढ्यात तो बंकर माझ्या डोळ्यांपुढे आला, मी आत पाय टाकण्याआधी दिसला होता तसा. या काठापासून त्या काठापर्यंत वाळू सारखी केलेली होती. बारीक रेघासुद्धा जागच्या जागी होत्या. चष्मेवाले आत उतरले होते, त्यांनी फटका मारला होता, ते पडले होते. पण वाळूवर त्यांच्या स्वतःच्या पावलांचाही ठसा नव्हता.

“आत ये,” मी म्हणाले. “आणि दार लाव.”

२

मी तिला आमची रीत समजावून सांगितली. बंकरच्या काठावर एक लांब दांड्याचं दाताळं ठेवलेलं असतं. जो वाळूत उतरतो त्याने बाहेर येताना ते ओढायचं आणि आपले ठसे, आपल्या फटक्याचा खळगा, सगळं पुसून टाकायचं. मागच्याचा बॉल आपल्या खळग्यात अडकू नये म्हणून. हे इतकं अंगवळणी पडतं की माणूस बोलता बोलता, भांडता भांडतासुद्धा दाताळं ओढतो.

“आता मेलेला माणूस काही वाळू सारखी करत नाही,” मी म्हणाले. माझी जीभ ही अशी. पण तिने ते मनावर घेतलं नाही.

“म्हणजे कुणीतरी होतं,” ती हळूहळू म्हणाली. “आणि त्यांना तसंच टाकून गेलं.”

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी आपली कोडं सुटायला लागलं म्हणून खुशीत, आणि इथे या पोरीच्या काळजात सुरी फिरलेली. मी तिला चहा करून दिला. दुसरं काही मला सुचत नाही अशा वेळी.

तिने पिशवीतल्या वस्तू टेबलावर मांडल्या. बूट, हातमोजा, चष्म्याचं घर. चष्मा शर्टाच्या खिशात होता, नीट घडी करून या घरात ठेवलेला, असं हॉस्पिटलने तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, बाबा झोपेपर्यंत चष्मा काढत नसत, काढला तर त्यांना समोरचं ताट दिसत नसे. मग वाळूतला बॉल मारताना तो खिशात कसा? छातीत कळ आलेला माणूस चष्मा घडी करून घरात ठेवून मग पडत नाही. कुणीतरी तो काढला होता. आणि ज्याने काढला त्याला घाई नव्हती.

ती दूरच्या शहरात नोकरी करते. आई गेल्यापासून ती वडिलांना आपल्याकडे बोलावत होती आणि ते येत नव्हते. दर फोनवर ते सांगायचे, मी मजेत आहे, इथे माणसं आहेत. तिचा कधी विश्वास बसला नाही. आता घर आवरायला आली तर ओट्यावर एक कप, एक ताटली, एक चमचा. कुठली माणसं, असं तिने मला विचारलं, जणू मीच ती लपवून ठेवली होती. आठवडाअखेर तिला परत जायचं होतं.

“मला नाही कळलं तर मी जन्मभर तो खड्डा बघत बसेन,” ती म्हणाली.

जे निघेल ते तुला आवडेलच असं नाही, हे मी तिला आधीच बजावलं. ती चालेल म्हणाली. जाताना दारात थांबून तिने विचारलं, बाबांचं कुणाशी वाकडं होतं का? मी नाही म्हणून सांगितलं.

ते खोटं होतं. मैदानावरच्या दोन माणसांशी त्यांचं चांगलंच वाकडं होतं, आणि त्यातल्या एकीने तिकिटाच्या खिडकीपाशी सगळ्यांदेखत त्यांची तंगडी मोडायची धमकी दिली होती.

३

मॅनेजर मला बघूनच वैतागला. झालं ते झालं, असं त्याचं म्हणणं. वाळू सकाळी माळ्याने सारखी केली असेल. मग चष्मेवाले तरंगत आत गेले का, असं मी विचारलं तेव्हा त्याने फाइल उघडून तीत डोकं घातलं. धमकीचा विषय काढला तसा मात्र तो खुलला. बाराव्या होलच्या डाव्या अंगाला, कुंपणाला लागून एक छोटं घर आहे. तिथे एक विधवा बाई एकटी राहते. मागे एकदा चष्मेवाले तिच्या फाटकाशी उभे दिसले म्हणून मॅनेजरने चौकशी केली, तर ती म्हणाली, यांच्या बॉलने माझ्या खिडकीची काच फुटली. दुसऱ्या दिवशी ती तिकिटाच्या खिडकीशी येऊन तडातडा बोलली. पुन्हा दारात दिसलात तर तंगडी मोडून हातात देईन. चष्मेवाले खाली मान घालून ऐकत होते, असं मॅनेजर मोठ्या चवीने सांगत होता.

माळीकाका शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राची पाती घासत बसले होते. मी सरळच विचारलं. त्यांनी पातं खाली ठेवलं.

“बाई, मेलेल्या माणसाभोवती मी दाताळं ओढत बसेन? एवढा नालायक वाटलो?”

त्यांची समजूत काढायला वेळ लागला. खरं तर त्यांच्यावर माझा संशय नव्हताच. त्या सकाळी मी खेळत होते तेव्हा सगळा वेळ त्यांच्या यंत्राची घरघर मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून येत होती. ती थांबली ती मॅनेजरने त्यांना बोलावल्यावरच. पण रागाच्या भरात माणूस कामाचं बोलून जातो, म्हणून मी त्यांना बोलू दिलं. आणि ते बोलले. चष्मेवाल्यांना नेल्यावर ते बाराव्या होलला गेले तेव्हा दाताळं बंकरच्या आत पडलेलं होतं, वाळूतच, कडेला लावून.

“इतकी वर्षं मी घसा फोडतोय,” ते म्हणाले, “की दाताळं बाहेर गवतावर ठेवा, आत ठेवलं की बॉल अडकतो. आता कुठे सगळ्यांच्या डोक्यात शिरलंय. आणि नेमकं त्या दिवशी कुणी आत टाकलं?”

मला आठवलं. खाली उतरताना माझा पाय त्या दांड्याला लागला होता आणि मी त्याला शिवी हासडली होती.

पुढ्यात माणूस मेलेला असताना दाताळं कोण ओढेल? साधा माणूस ओरडत पळेल, नाहीतर पाय गळून बसेल. वाळूतून बाहेर पडताना आपोआप हात दाताळ्याकडे जातो तो आमच्या लोकांचाच. म्हणजे तिथे असलेला माणूस खेळणारा होता. पण दाताळं त्याने आत ठेवलं. काही मैदानांवर तशीच पद्धत असते. म्हणजे तो खेळायला शिकला होता दुसरीकडेच.

हे मी माळीकाकांना बोलून दाखवलं. त्यांनी पातं पुन्हा हातात घेतलं, अंगठ्याने धार पाहिली.

“दातांचे डॉक्टर दुसऱ्या क्लबातून आलेत ना इकडे?” ते म्हणाले.

आणि दातांचे डॉक्टर, रोज माझ्या मागे खेळणारे, त्या सकाळी आलेच नव्हते.

४

चष्मेवाल्यांचं वाकडं होतं ते दुसरं यांच्याशी. मैदानाची दर वर्षी एक स्पर्धा होते. पितळी कप असतो, त्याला पॉलिश करण्याइतकीही त्याची किंमत नाही. त्यावर तीन वर्षं सलग चष्मेवाल्यांचं नाव लागलं होतं आणि डॉक्टरांना ते खुपत होतं. गेल्या वर्षी तर फटके मोजण्यावरून दोघांची जुंपली, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

मी डॉक्टरांच्या घरी फोन केला. त्यांनी स्वतः सांगितलं की त्या दिवशी पाठ धरली होती, घरीच होतो. मग बायको फोनवर आली, तिने सहज म्हटलं की छे, नेहमीच्या वेळी गेले होते की. विम्याच्या धंद्यात असल्या नवरा-बायकोंवर माझं निम्मं पोट भरलं. मी डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर खेळायला बोलावलं.

ते आले, पण माझ्याकडे बघायला तयार नव्हते. चौथ्या होलला त्यांचा बॉल बंकरमध्ये गेला. मी काठावर उभी राहून बघत होते. त्यांनी फटका मारला, दाताळं घेतलं, कोपऱ्यापर्यंत वाळू सारखी केली आणि दाताळं बाहेर गवतावर, झेंड्याच्या दिशेने सरळ करून ठेवलं. माळीकाकांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

मी विचारलं, तुमच्या जुन्या क्लबात दाताळं कुठे ठेवायचे? ते म्हणाले, तिथे आम्ही दाताळ्याला हात लावत नव्हतो, नोकर असायचे. ही सवय इथलीच, त्या माळ्याने बोलून बोलून लावलेली.

मग मी त्यांना सरळ पकडलं. त्या सकाळी कुठे होतात? डॉक्टर लालबुंद झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, की शहराच्या पार दुसऱ्या बाजूला एक शिकवणारा आहे, त्याच्याकडे ते गुपचूप शिकवणी घेत होते. घरी सांगितलं नाही, कारण बायको हसली असती. यंदा चष्मेवाल्यांना हरवायचंच, एवढं एकच डोक्यात होतं. मी नंतर त्या शिकवणाऱ्याला फोन केला. खरं निघालं. त्या सकाळी डॉक्टर तिथेच घाम गाळत होते.

पाचव्या होलच्या बाकावर ते बसले ते उठेचनात.

“आता कुणासाठी शिकू?” ते म्हणाले. “सहा महिने मी त्या माणसाचा खेळ पाठ केलाय. त्याचा बॉल कायम उजवीकडे वळायचा. जन्मात कधी डावीकडे गेला नाही. मी मुद्दाम तसाच डाव आखला होता.”

त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं. पण ते पुढे काय बोलले ते मी ऐकलं नाही. उजवीकडे, हे तर मीही रोज मागून बघत होते. त्यांचे हरवलेले बॉल मला नेहमी उजव्या झाडीत मिळायचे.

आणि त्या बाईंचं घर डावीकडे होतं.

५

जी काच त्यांनी फोडलीच नाही तिच्यासाठी एक बाई चारचौघांत का भांडेल? याचं एकच उत्तर मला सुचलं. ते फाटकाशी उभे होते त्याचं खरं कारण सांगायचं नव्हतं म्हणून. पण नुसत्या तर्कावर मी कुणाच्या दारात जात नाही. मला खात्री हवी होती.

मी बाराव्या होलपर्यंत खेळत गेले. माझा बॉल ग्रीनवर होता. तो उचलून मी मला हवा तिथे ठेवला. खेळात हे लबाडीचं आहे, पण मी खेळत नव्हते. मग फाटकाशी जाऊन हाक मारली.

बाई बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या, ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. डोळे चष्मेवाल्यांच्या मुलीचे होते तसेच सुजलेले. मी काचेबद्दल विचारायला आलेय, असं सांगितलं. त्या तुटक बोलत होत्या. या खेळातलं मला काही कळत नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. दांडकी घेऊन उन्हातान्हात भटकायचं, याला काय खेळ म्हणायचं? मी मान डोलावली. मागे खिडक्या दिसत होत्या. सगळ्या काचा सारख्याच जुन्या, कडेचा रंग वर्षानुवर्षांचा.

बॉल कुठून आला ते जरा बंकरपाशी येऊन दाखवता का, मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला, पण नाही म्हणायला कारण सापडेना. आम्ही निघालो. फाटकापासून बंकरकडे सरळ गेलं की मधे ग्रीन लागतं. माझा बॉल एका बाजूला, झेंडा दुसऱ्या बाजूला, आणि आमची वाट बरोबर दोघांच्या मधून. मी त्यांना पुढे होऊ दिलं. त्या त्रासल्या आवाजात काहीतरी बोलत होत्या, नजर बंकरवर होती. बॉलजवळ आल्या आणि बोलणं न थांबवता, खाली न बघता बॉलच्या मागून वळसा घालून पलीकडे गेल्या.

मी जागच्या जागी उभी राहिले.

बॉल होलकडे घरंगळत जाणार त्या वाटेवर आमच्यातलं कुणी पाय ठेवत नाही. बुटाने गवत दबलं तर बॉल फिरतो. हे इतक्या लहानपणापासून शिकवतात की पुढे डोक्याला विचारावं लागत नाही, पाय आपले आपण वळतात. ज्याने हा खेळ कधी खेळला नाही तो सरळ चालत जातो.

“तुम्ही किती वर्षं खेळलात?” मी विचारलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग बॉलकडे, मग झेंड्याकडे. त्यांना कळलं. त्या हळूच खाली, गवतावरच बसल्या.

“त्यांची मुलगी आलीय ना?” त्या म्हणाल्या.

“आलीय. वडील एकटे होते का, एवढंच तिला हवंय.”

“तिला सांगू नका.”

“का?”

“ती विचारेल,” बाई म्हणाल्या, “मी धावत का नाही गेले.”

६

माझं काम तिथेच संपलं होतं. कोण होतं ते कळलं होतं, कसं तेही कळलं होतं. पण नोकरीत असताना मी अहवाल लिहून मोकळी व्हायचे, इथे अहवाल कुणाला देणार? मी बाईंना म्हटलं, मी तिला काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. आणि उन्हं कलायच्या आत मी मुलीला घेऊन त्यांच्या घरी गेले.

छोटी बैठक, दोन खुर्च्या आणि एक वेताचा मोडा. मोड्यावर मी बसले. बाईंनी पहिल्यांदा सगळं माझ्याकडे बघूनच सांगितलं, मुलीकडे बघायचं धाडस होत नव्हतं. नवरा होता तेव्हा दोघं दुसऱ्या गावी एका जुन्या मैदानावर खेळायची. तिथे दाताळं वाळूतच ठेवायची रीत. नवरा गेला, तेव्हापासून त्यांनी खेळ सोडला आणि हे घर घेतलं. रोज सकाळी फाटकातून चष्मेवाल्यांचे फटके बघायच्या आणि मनात चरफडायच्या. एक दिवस राहवलं नाही, ओरडून म्हणाल्या, मनगट सैल सोडा. चष्मेवाल्यांनी सोडलं. बॉल सरळ गेला.

मग रोजचंच झालं. बारावा होल आला की त्या गोल्फची एक जुनी काठी घेऊन बाहेर यायच्या. तेवढा एकच होल दोघं मिळून खेळायची आणि मग खेळायच्या काठ्या घेऊन फिरायच्या माझ्या ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक ऐकू येईपर्यंत फाटकाच्या पायरीवर बसायची. मॅनेजरने विचारलं तेव्हा बाई लाजेने काहीतरी बरळल्या, काच म्हणाल्या. ते खरं वाटावं म्हणून दुसऱ्या दिवशी भांडायला आल्या. त्या भांडणावर चष्मेवाले आठवडाभर हसत होते.

मी हे ऐकत होते आणि मला माझ्या चाकाचा राग येत होता. रोज त्यांची बैठक मोडणारी मीच होते, आणि मला पत्ता नव्हता.

त्या दिवशी बॉल बंकरमध्ये गेला. बाईंनी वरून सांगितलं, घाई करू नका. त्यांनी फटका मारला आणि बॉल होलशेजारी जाऊन थांबला. तो त्यांनी पाहिला. मोठ्याने हसले. हसता हसता वाळूत बसले आणि छाती धरली. बाई खाली उतरल्या. फोन दोघांकडेही नव्हता. घरी जाऊन फोन करते म्हणाल्या, तर त्यांनी मनगट धरलं.

“म्हणाले, नको जाऊस. बस,” बाई म्हणाल्या.

मुलीने मधेच विचारलं. “तुम्हाला ‘तू’ म्हणायचे?”

“हो.”

“आई आणि मी सोडून ते कुणाला ‘तू’ म्हणाले नाहीत. दुकानातल्या पोरांनासुद्धा अहोजाहो करायचे.” ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिथून फाटक दिसत होतं, त्यामागे ग्रीन, आणि बंकरचा काठ. अंतर काहीच नव्हतं. “एवढं जवळ घर आहे. तुम्ही धावत का नाही गेलात?”

“त्यांनी हात धरला होता.”

“सोडवायचा.”

“हो.”

“फार जोरात धरला होता का?”

या प्रश्नावर खोटं बोलता आलं असतं. मी असते तर बोलले असते. बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “सुटला असता.”

मुलगी उभी राहिली. मला वाटलं, ही आता निघून जाणार, नाहीतर बाईंच्या अंगावर धावून जाणार. चष्मेवाल्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना मी आधीच विचारून ठेवलं होतं, वेळेवर कुणी आलं असतं तर वाचले असते का? सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. ते वाक्य मी गिळून बसले होते. बाई मान खाली घालून सांगत राहिल्या, कुणी विचारलं नव्हतं तरी. डोळ्यांत वाळू गेली होती म्हणून चष्मा काढला, पदराने पुसला. डोक्याखाली टोपी ठेवली. श्वास थांबला तरी हात हातात होता. मग माझी ट्रॉली टेकाडापलीकडे वाजली. रोज चाक वाजलं की उठायच्या तशाच त्या उठल्या. उठताना चष्मा घरात घालून खिशात ठेवला, आणि वर आल्यावर हातात दाताळं होतं. ते कधी घेतलं, कधी ओढलं, त्यांना आठवत नव्हतं.

“मी असते तर धावले असते,” मुलगी म्हणाली. “हात झटकून धावले असते, फोन केला असता, सगळं अगदी बरोबर केलं असतं. आणि ते एकटे गेले असते.”

बाईंनी मान वर केली.

“शेवटी काय बोलले?” मुलीने विचारलं.

“तुझंच. दर फोनला म्हणायचे, आज तिला आपलं सांगून टाकतो. आणि दर वेळी जीभ अडायची. तुला आईच्या जागी कुणी खपेल की नाही, हीच भीती.” बाई थांबल्या. “त्या दिवशी म्हणाले, माझ्याने काही आता सांगून होत नाही. तूच सांग तिला.”

“मग?”

“तू आल्याचं कळलं. तुमच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत मी रोज येत होते. पुढे पाय उचलत नव्हता.”

मुलगी परत बसली. आधी बसली होती त्या खुर्चीवर नाही. तिने खुर्ची ओढून बाईंच्या जवळ घेतली, इतकी जवळ की दोघींचे गुडघे लागले. मग तिने बाईंचं मनगट धरलं. कितीतरी वेळ ती नुसतीच रडत होती, आणि बाई दुसऱ्या हाताने तिची पाठ थोपटत होत्या.

“त्यांनी सांगितलंय ना तुम्हाला,” शेवटी ती म्हणाली. “मग सांगा मला. पहिल्यापासून सांगा.”

बाईंनी डोळे पुसले आणि त्या सांगू लागल्या. या वेळी माझ्याकडे बघून नाही. मी उठले ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. मला त्यांचा हेवा वाटला, खरंच वाटला. बाहेर अजून थोडं ऊन होतं. मी फाटक लावून घेतलं आणि घरी गेले.